दुसरी ओळ

"सुप्रभात केतकी. झोप झाली का?"

मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत होते. हॉलमधून उन्मेषचा आवाज आला, पूर्वीचा, नाटकातला, भरदार. मी सवयीनं "झाली" म्हणाले, आणि मग लक्षात आलं की मधलं काहीतरी गळालंय. आमचा कॉम्प्युटर सुरू केला की रोज आधी काळा पडदा यायचा आणि त्यावर दोन ओळी दिसायच्या. पहिली 'सुसंवाद', दुसरी 'अक्षर'. बाणाच्या बटणानं त्यातली एक निवडायची. दहा सेकंदांत काहीच निवडलं नाही तर पहिली आपोआप सुरू व्हायची. त्या दिवशी काळा पडदा आलाच नाही. मशीन थेट 'सुसंवाद'मध्ये शिरलं आणि माझ्या झोपेची चौकशी करू लागलं.

झोप झाली नव्हती, हेही सांगून टाकते. पण असं गोड विचारल्यावर कोण खरं सांगत बसतं? आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत उन्मेषनं मला झोप झाली का असं विचारल्याचं आठवत नाही. चहा चांगला झाला तर तो कप रिकामा करून खाली ठेवायचा. वाईट झाला तर "हे काय आहे?" म्हणायचा. कौतुक आणि तक्रार यांच्यामध्ये त्याच्याकडे तिसरं काही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली. डोकं शाबूत राहिलं, बाकी सगळं शरीर गेलं. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. राहिल्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. जवळजवळ वर्षभर आमचा संसार या दोन शब्दांवर चालला.

मग इस्पितळातल्या एका संशोधक गटानं त्याला आपल्या प्रयोगात घेतलं. आपण बोलतो तेव्हा मेंदू ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडत असतो. उन्मेषचा मेंदू ते हुकूम अजूनही सोडत होता, पण खाली पोचायचा रस्ता तुटला होता. डॉक्टरांनी त्याची कवटी उघडून, हे हुकूम जिथून निघतात तिथं मेंदूवर ते टिपणारी एक पातळ पत्री अंथरली. कानामागच्या खोबणीत वायर लावायची आणि ती घरच्या कॉम्प्युटरला जोडायची. घरातलं बोलणं घरातच राहावं म्हणून सगळा कारभार आमच्या हॉलमधल्या मशीनवरच ठेवला होता. त्यांनी दिलेल्या प्रणालीचं नाव 'अक्षर'. ओठ मिटायचा हुकूम आला की प, जीभ दातांना लागली की त, असं एकेक ओळखून ती बोलायची. खात्री असेल तेवढंच बोलायची, नसेल तर गप्प बसायची. साधं पाणी मागायलाही उन्मेषला कपाळावर घाम यायचा आणि बाहेर पडायचं ते सपाट, कोरडं "पा... णी".

'सुसंवाद' नंतर आलं, एका कंपनीकडून. पत्री तीच, वायर तीच, पण ते सगळ्या अक्षरांची वाट बघत नाही. उन्मेषच्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज, त्याचे फोनवरचे निरोप, घरात चाललेलं बोलणं हे सगळं त्याला दिलेलं. दोन-तीन अक्षरं हाती लागली की उन्मेषला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधून ते अख्खं वाक्य बोलून टाकतं, त्याच्याच जुन्या आवाजात. अंदाज बरोबर आला की नाही हे 'सुसंवाद'ला कसं कळतं? त्याच्या कॅमेऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. चेहऱ्यावर समाधान उमटलं, बोलणं पुढं सरकलं, की अंदाज बरोबर होता असं ते धरतं आणि पुढच्या वेळी तसंच बोलतं. एकाच मशीनवर या दोन्ही प्रणाली जमीरनं शेजारी शेजारी बसवून दिल्या होत्या. जमीर मुलाणी आमच्या नाटकाच्या ग्रुपची प्रकाशयोजना करायचा. आता मार्केट यार्डाजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

ठरलं असं होतं की दिवसभर 'सुसंवाद' आणि संध्याकाळी थोडा वेळ 'अक्षर'. पुढं पुढं ते संध्याकाळचं मागं पडलं. पाहुणे यायचे, स्वयंपाक असायचा, कंटाळाही यायचा. त्यामुळे रात्रीच्या अपडेटनं त्या दोन ओळींचा मेनूच पुसून टाकला हे कळल्यावर मी काही केलं नाही. आहे ना आवाज, चाललंय ना, म्हटलं.

ते चाललंय तेवढ्यावर राहिलं नाही. आमची मुलगी रेवा पुण्याहून आली तीच उत्साहात. कंपनीनं नवी जोडणी काढली होती. पत्री काढून तिथं केसाहून बारीक धागे खोलवर बसवायचे. वायर नको, खोबण नको, उन्मेषला खुर्चीत बसवून कुठंही नेता येईल. फक्त ते धागे 'सुसंवाद'शीच जुळतात. एकदा पत्री निघाली की 'अक्षर' कायमचं बंद. पत्री अजून काही वर्षं तग धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते, पण थांबायचं कशाला, असं रेवाचं म्हणणं. गुरुवारी ऑपरेशन ठरवता येत होतं. डॉक्टरांनी व्हिडिओवरून उन्मेषला विचारलं, आणि तो लगेच म्हणाला, "हो डॉक्टर. मला खात्री आहे, हा निर्णय आम्हा सगळ्यांच्या हिताचा आहे."

रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते वाक्य खटकलं.

याचं कारण समजायला मी कोण होते ते सांगायला हवं. मी प्रॉम्प्टर होते. राज्य स्पर्धेत आमचा ग्रुप दरवर्षी उतरायचा. उन्मेष मुख्य भूमिकेत आणि मी विंगेत, हातात संहिता धरून स्टुलावर. वाक्य सुचवणं हे प्रॉम्प्टरचं अर्धंच काम. उरलेलं काम म्हणजे नट थांबला तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखणं. मुद्दाम थांबलेल्या नटाला वाक्य सुचवलं की सगळा प्रवेश मातीत जातो. उन्मेष फार थांबायचा. त्याचे पॉज बघायला लोक परगावाहून यायचे आणि आधीच्या प्रॉम्प्टरला त्याच पॉजनी घाम फोडला होता. मला मात्र एक खूण सापडली होती. तो खरोखर विसरला की डाव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर घासायचा. पॉज असला की हात शांत. ती खूण मी कुणाला सांगितली नाही, अगदी त्यालाही. त्याला वाटायचं मला आतून कळतं. लग्न त्यातूनच झालं म्हणा ना.

'हिताचा' हा शब्द उन्मेषच्या तोंडात बसणाराच नव्हता. असली वाक्यं तो तालमीत पहिल्या दिवशी कापायचा. आणि आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या प्रश्नावर तो लगेच, न थांबता बोलला होता. आता त्याचा हात मांडीवर पडलेला असतो, अंगठा हलत नाही. त्यामुळे मला काही कळायची सोय उरली नव्हती.

रेवा आंघोळीला गेल्यावर मी वायर काढली आणि त्याच्यासमोर बसले. ऑपरेशन करायचं? पापण्या एकदा मिटल्या. हो. तुझ्या मनानं? एकदा. घाबरून तर हो म्हणत नाहीस ना? दोनदा. सगळी उत्तरं सरळ होती, आणि तरी मला पटत नव्हतं. त्याला का विचारायचं होतं, आणि 'का'चं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. ते सांगायला 'अक्षर' हवं होतं, आणि तिकडं जाणारा मेनू गेला होता.

रेवाला सांगितलं तर ती वैतागली. "आई, बाबा स्वतः हो म्हणालेत. डोळ्यांनीसुद्धा म्हणालेत. अजून काय हवंय तुला?" मी म्हणाले, मला त्याच्याकडून ऐकायचंय. ती म्हणाली, मग एवढे दिवस कोणाकडून ऐकतेयस? ती डॉक्टरांना भेटायला मिरजेला गेली आणि मी जमीरला फोन केला.

जमीर दुपारी आला. आधी उन्मेषच्या खांद्यावर थोपटलं, मग मशीनपुढं बसला. मी विचारलं, 'अक्षर' पुसलं गेलं का सगळं?

"गेलेलं काय नाही, वहिनी," जमीर म्हणाला. "घर जागेवर हाय, नुसतं दार बुजवलंय."

त्यानं मला समजावून सांगितलं. डिस्कचे दोन भाग आहेत, एकात 'सुसंवाद' आणि दुसऱ्यात 'अक्षर'. त्यांच्याही आधी एक छोटासा प्रोग्रॅम सुरू होतो, त्याचं काम फक्त एवढंच, की कोण कोण आहे ते दाखवायचं आणि कोण हवं ते विचारायचं. अपडेटनं त्या विचारणाऱ्याला बाजूला सारून पहिल्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, दुसरा भाग शोधायचा आणि तो विचारणारा परत जागेवर बसवायचा. काम फार नव्हतं. अडचण एकच होती. 'सुसंवाद' बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही, डुलकी घेतं, आणि त्या अवस्थेत डिस्क कुणाला हात लावू देत नाही. ते पूर्ण बंद करायचं तर ज्याचा आवाज आहे त्यानं तसं तोंडानं सांगावं लागतं.

मी वायर जोडली. उन्मेषला सगळं सांगितलं, आणि म्हटलं, फक्त 'बंद कर' एवढं म्हण.

"केतकी, हे करू नकोस," तो आवाज म्हणाला. "मला भीती वाटते."

जमीरनं कीबोर्डवरचे हात उचलले. "वहिनी, ह्यो त्यो बोलतोय का त्ये मशीन?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

खरंच माहीत नव्हतं. मशीनला स्वतःचं काही नसतं, भीती तर नाहीच, एवढं मलाही कळतं. पण समोरच्याला थांबवणारं वाक्य कुठलं, हे ते माझ्याच चेहऱ्यावरून शिकलं होतं. उन्मेषनं नुसतं 'भी' म्हटलं असेल आणि उरलेलं मशीननं भरलं असेल. किंवा उन्मेषला खरंच भीती वाटत असेल. बंद करू का, असं पापण्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. दोनदा मिटल्या असत्या तर मला थांबावं लागलं असतं, आणि थांबायची माझी तयारी नव्हती. मी वाकले आणि मशीनचं बटण दाबून धरलं. त्याला डुलकी घ्यायलाही वेळ मिळू नये म्हणून पंखा थांबेपर्यंत सोडलं नाही. उन्मेष माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

पुढचं काम जमीरनं केलं. पेनड्राइव्ह लावला, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत गेल्या, मधे एकदा तो स्वतःशी पुटपुटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी चहा टाकला, उन्मेषला नळीतून पाणी दिलं, त्याची उशी नीट केली. शेवटी जमीरनं पेनड्राइव्ह काढून मशीन परत सुरू केलं. काळा पडदा आला. पहिली ओळ 'सुसंवाद', दुसरी 'अक्षर'. मला रडू आलं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून रडायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी बाण खाली नेला. जमीर उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग तो सपाट, कोरडा आवाज आला. "च... हा."

म्हणजे मघाशी मी स्वतःसाठी चहा केला आणि त्याला पाणी दिलं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी हसले. चमच्यानं थेंब थेंब चहा त्याच्या जिभेवर सोडला. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "ऑपरेशनला हो कोण म्हणालं?"

"मी."

"ते हिताचा निर्णय वगैरे?"

"ते... नाही. हो... मी."

"का?"

आता तो थांबला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि माझं अर्धं अंग आपोआप खुर्चीतून उठलं. मी परत बसले. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"तू... हसतेस," तो म्हणाला. "त्या... च्याशी."

मी त्याला यंत्राच्या तावडीतून सोडवायला निघाले होते, आणि तो म्हणत होता की तो आपण होऊन तिकडं गेला होता. मी विचारलं, मघाशी बंद करू नकोस म्हणालं, तेही तूच का? "मी... च." कसली भीती वाटली? तो पुन्हा थांबला, आणि या वेळी मी कुकरकडे लक्ष दिलं नाही.

"हा... आवाज," तो म्हणाला. "तू... उठून... जातेस."

ते खरं होतं. 'अक्षर' चालू असलं की मी उठायचे. त्याचं एक वाक्य होईस्तोवर कपडे घडी घालून व्हायचे, भाजी चिरून व्हायची, मी तिथूनच ओरडून विचारायचे, काय म्हणालास? त्याचे पॉज सांभाळण्यासाठी प्रसिद्ध असलेली बाई मी. त्यानं पडल्या पडल्या सगळं पाहिलं होतं. 'सुसंवाद' बोलायला लागलं की मी खोचलेला पदर सोडून त्याच्याजवळ बसते, हेही पाहिलं होतं. वाक्यं त्याची नव्हती, निदान पुरती त्याची नव्हती, पण बायको जवळ बसत होती. म्हणून त्यानं ती अडवली नाहीत. उलट ती कायमची करायला तो निघाला होता.

"तुला," तो म्हणाला, "कोण... हवा?"

मी 'तू' म्हणायला तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, आणि कुठल्याही बाईनं तेच दिलं असतं. पण मला रोज सकाळी झोप झाली का विचारणारा आवाज आठवला, आणि एका संध्याकाळी तो म्हणाला होता ते, "तू माझ्यासाठी खूप केलंस, केतकी." ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तीस वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली होती. ते कोण बोललं हे विचारायचं मी मुद्दामच टाळलं होतं. आता नुसतं 'तू' म्हणणं खोटं झालं असतं, आणि 'तो' म्हणणं त्याहून वाईट.

उन्मेषची नजर माझ्या हाताकडे गेली. मीही खाली पाहिलं. माझा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता. ही त्याची सवय माझ्यात कधी उतरली, मला माहीत नाही. ती खूण त्याला ठाऊक होती की नाही, हेही नाही.

"साव... काश," तो म्हणाला.

मी सावकाशच बोलले. म्हटलं, उन्मेष, मला ते ऐकायला आवडतं, हे खोटं नाही. पण ते काही बोललं की 'अक्षर'वर येऊन मला तुला विचारता आलं पाहिजे, हे तुझंच ना? गुरुवारनंतर ते विचारता येणार नाही. मग मी नुसतीच ऐकत बसेन, आणि तू नुसताच पडून राहशील. "ऑपरेशन नको करूया," मी म्हणाले. "मी उठून जाणार नाही असं वचन देत नाही. पण परत येईन."

तो फार वेळ गप्प होता. तो पॉज होता की सिग्नल मिळत नव्हता, हे मला सांगता येत नाही. मग नेहमीचं, जुनं, एका शब्दाचं उत्तर आलं.

"बरं."

रेवाला फोनवर सांगितलं तेव्हा ती चिडली. बाबा हो म्हणाले होते की नव्हते? मी म्हणाले, होते, तेच म्हणाले होते. मग तू कोण थांबवणारी? बाबांना बागेत जाता आलं असतं, माणसांत बसता आलं असतं, तुझ्या एका हट्टासाठी ते त्या वायरीला बांधून पडणार, असं ती म्हणाली आणि रडायला लागली. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. मी तिला म्हटलं, येताना मिरजेहून थेट घरी ये, आणि बाबांजवळ 'अक्षर' लावून बस. कितीही वेळ लागला तरी उठू नकोस. तिनं फोन ठेवला.

जमीर निघताना म्हणाला, पुढच्या अपडेटला हे परत पुसलं जाईल, तेव्हा फोन करा. मग त्यानं विचारलं, मेनू किती सेकंद दाखवायचा, पूर्वीसारखा दहाच ठेवू का? मी म्हटलं, वेळ काढूनच टाक. कुणी निवडेपर्यंत थांबू दे. तो म्हणाला, वहिनी, मग नुसता काळा पडदाच दिसत राहील. दिसू दे, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी येऊन उभ्या राहिल्या. रेवा रात्रभर जागी होती आणि मीही. ती दाराशी उभी राहून बघत होती, रागातच. मी उन्मेषला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. पहिली हवी तर एकदा, दुसरी हवी तर दोनदा, असं सांगितलं. त्यानं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मी बटणाकडे हात नेला नाही. थोड्या वेळानं त्या पुन्हा मिटल्या.

मी बाण खाली नेला, वायर जोडली आणि दुधाखालचा गॅस बंद करून त्याच्यासमोर येऊन बसले. रेवाही येऊन पलंगाच्या कडेला टेकली. कपाळावर घाम आला, तो मी पुसला नाही, कारण हात लावला की त्याचं लक्ष मोडतं. आम्ही दोघी थांबलो होतो.

"झो... प," तो कोरडा आवाज म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "झा... ली?"

हा प्रश्न त्याचा होता की त्या दुसऱ्याकडून शिकलेला, मला कळलं नाही.

"नाही झाली," मी म्हणाले.